मिरच्या वाळवलेला पूल

नागपूरहून परत येऊन आता दोन महिने झाले. शेजारच्या वहिनींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काय काय पाहिलंत?" मी म्हटलं, "भेगा." त्यांना वाटलं, मी नेहमीसारखी तिरकस बोलतेय. पण खरोखर तेवढंच पाहिलं. तुम्ही नागपूरला गेला नसाल, आणि भिवापूरच्या वाटेवरच्या त्या पुलावरून तर नक्कीच गेला नसाल, म्हणून हे लिहिते आहे. लिहिल्यानं कुणाचं भलं होईल अशी आशा मला उरलेली नाही. ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी सांगलीत एका तंत्रनिकेतनात तीस वर्षं काँक्रीट शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक मला भेगा बघायला बोलवू लागले. शाळेची भिंत, पाण्याची टाकी, कुणाचा नवा बंगला. डॉक्टरला माणूस जिवंत असताना बोलावतात. मला बहुतेक पंचनाम्यालाच बोलावणं येतं. जायचं, छिन्नी-हातोडीनं चार ठिकाणी ठोकून बघायचं आणि काय करायला नको होतं ते सांगायचं. लोक मान डोलावतात, चहा देतात आणि पुढच्या बांधकामात तेच करतात.

या खेपेचा फोन प्रशांतचा होता. माझा जुना विद्यार्थी, आता नागपुरात रस्त्यांच्या खात्यात अधिकारी. भिवापूरकडे एका नाल्यावर बांधलेला हमरस्त्याचा पूल, वाहतूक सुरू होऊन दोन पावसाळे झालेले, आणि भेगा पडलेल्या. कुणीतरी त्याचं चित्रण मोबाइलवर फिरवलं. वरून विचारणा झाली. ठेकेदारानं लेखी देऊन टाकलं की काँक्रीटवर पाणी मारायला नेमलेल्या माणसानं पाणी मारलंच नाही, उलट गावकऱ्यांना तिथं मिरच्या वाळत घालू दिल्या. सगळा दोष त्याचा.

"त्याच्यावर पोलिसात तक्रार करायचं चाललंय, मॅडम," प्रशांत म्हणाला. "माणूस गरीब आहे. मला हे पटत नाही, पण माझ्या एकट्याचं कोण ऐकणार? तुम्ही बघून लिहून दिलंत तर मानतील."

मानतील, म्हणे. या शब्दावर मी तिकीट काढलं.

सोमवार, नागपूर

रेल्वेचा प्रवास सांगण्यासारखा नाही. डब्यात बसले, कंटाळले, उतरले. एप्रिल संपत आला होता आणि स्टेशनाबाहेर पाऊल टाकल्यावर कुणीतरी तव्याचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे दुपारी जरा आडवं व्हायचं. इथे दुपारी शहरच आडवं होतं. जे कामाला बाहेर पडतात ते बाया असोत की पुरुष, डोक्या-कानाला दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, सगळं गाव दरोडा घालायला निघालंय.

सकाळी पोहे खायला गेले. आमच्याकडे पोहे म्हणजे कांदा, शेंगदाणे, वरून खोबरं-कोथिंबीर, लिंबाची फोड. इथे गाडीवाल्यानं चांगल्या पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतायला पळी उचलली. मी ओरडले, "अहो, तर्री नको!"

त्याचा हात हवेतच थांबला. "बिना तर्रीचे पोहे खाऊन काय करसान जी? तसे तं घरी भेटते."

तर्री घेतली. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, आणि दुसरी प्लेट मागितली. या सबंध प्रवासातला निर्भेळ आनंदाचा प्रसंग तेवढाच, म्हणून नोंदवून ठेवते.

संध्याकाळी प्रशांत गाडीतून शहर दाखवायला घेऊन गेला. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या बोळांत सिमेंटचे रस्ते इतके वर चढलेत की जुन्या घरांचे उंबरठे खाली राहिलेत. विमानतळाजवळ मिहानच्या नव्या उद्योग वसाहतीच्या बाजूला जिकडे तिकडे खांब उभे. एका ठिकाणी दुपारच्या उन्हात ओतलेलं काँक्रीट उघडंच पडलं होतं. अंगावर फडकं नाही, पाण्याचा शिडकावा नाही. मी गाडी थांबवायला सांगितलं. प्रशांत म्हणाला, "मॅडम, ते आपलं काम नाही." मग आम्ही पुढे गेलो. तीस वर्षांत मी किती पोरांना हे शिकवलं असेल, त्यातला एखादा कदाचित तिथेच उभा असेल, असं मनात आलं आणि रात्रीचं जेवण जाईना.

मंगळवार, पुलावर

प्रशांतला बैठक होती. त्यानं गाडी आणि चालक शेषराव बरोबर दिले. शेषराव बोलका माणूस. उमरेड मागे पडेपर्यंत त्यांनी या रस्त्याचा सगळा इतिहास सांगून टाकला. वाळूचे आणि कोळशाचे टिपर एकामागून एक समोरून येत होते, तोंडापर्यंत भरलेले, वर ताडपत्री कशीबशी बांधलेली.

"एवढं वजन चालतं का इथे?" मी विचारलं.

"चालत तं नाही मॅडम," शेषराव म्हणाले, "पण चालून राहिलं."

पूल तीन गाळ्यांचा. म्हणजे दोन टोकांना दोन भिंती, मध्ये दोन खांब आणि त्यांवर टाकलेले काँक्रीटच्या तुळयांचे तीन तुकडे. लांबून बघितला तर छान दिसत होता. कठड्याला पिवळा-काळा रंग, मध्ये दुभाजक, दुभाजकात कण्हेरीची झाडं. त्या झाडांना नळीनं पाणी घालत एक काटकुळा माणूस उभा होता. आमची गाडी बघून त्यानं नळी खाली ठेवली आणि चालत आला.

"मीच देवराव," तो म्हणाला. "पुलावर पाणी माराले मीच होतो जी."

मी काही विचारण्याआधीच! मला वाटलं होतं, माणूस घाबरलेला असेल, हात जोडेल, कानांवर हात ठेवेल. पन्नाशीच्या या माणसाला ठेकेदारानं पूल झाल्यावर झाडांना पाणी घालायला ठेवून घेतलं होतं. म्हणजे ज्यांनी त्याच्यावर आळ घेतला, त्यांचंच काम तो उन्हात करत होता.

"आणि मिरच्यांचं काय?"

"घातल्या होत्या ना. खोटं काहून सांगू? मीच हो म्हटलं त्यायले."

मग त्यानं सगळं सांगितलं. गावाचं मिरच्या वाळवायचं सार्वजनिक खळं रस्त्याच्या कडेला होतं. रस्ता रुंद केला तेव्हा ते त्याच्या पोटात गेलं. त्या वर्षी मिरच्या तोडून झाल्या आणि अवकाळी पाऊस पडून गेला. ओल्या मातीवर घातल्या असत्या तर बुरशी धरली असती. बाया टोपल्या घेऊन देवरावांकडे आल्या. नवा पूल लख्ख, सपाट, चारी बाजूंनी वारा.

"सात दिवस बरोबर पाणी मारलं होतं मी," देवराव म्हणाले. "गोणपाट टाकून, सकाळ-संध्याकाळ. आठव्या दिवशी बाया आल्या. म्हटलं, बाई, गावाकडचा एकच गाळा देतो. बाकी दोनवर मी पाणी मारीन. वरून पाणी पडलं असतं तं मिरच्या काळ्या पडल्या असत्या, म्हणून तितका सोडला."

मला राग आला. आलाच. मी भर उन्हात त्या माणसाला वर्गात पोरांना झापावं तसं झापलं. म्हटलं, "देवराव, काँक्रीट पापडासारखं वाळवायचं नसतं. ते वाळून कडक होत नाही, पाणी पिऊन होतं. लहान मुलासारखं त्याला पाजत राहावं लागतं. दोन आठवडे पाजायचं असतं, तुम्ही सातच दिवस पाजलंत." देवराव खाली मान घालून ऐकत होते. बोलता बोलता मला माझ्या माहेरचं गाव आठवलं. आमच्याकडे शिजवलेली हळद सरकारी रस्त्यावर खुशाल वाळत घालतात आणि येणारी एसटी बाजूनं जाते. त्या हळदीवर मी लहानपणी काठी घेऊन राखण बसले आहे. तेव्हा गप्प झाले.

मग कामाला लागले. गावाकडच्या गाळ्यावर गुडघे टेकून बसले. पृष्ठभागावर बारीक जाळी होती, जुन्या कपबशीच्या आतून दिसते तशी. भेग मोजायची पारदर्शक पट्टी लावली. केसासारख्या भेगा. चार ठिकाणी छिन्नीनं टवका काढून बघितला, अर्ध्या बोटाच्या आतच संपत होत्या. ही देवरावांची आणि मिरच्यांची भेग. चांगली गोष्ट नाही, पण हिनं पूल पडत नाही. पाणी आत जाऊ नये म्हणून लेप दिला की भागतं.

मग खाली उतरायचं ठरवलं. उतरताना वाऱ्यानं माझी टोपी उडाली आणि थेट नाल्याच्या चिखलात बसली. शेषराव हसले. देवरावांनी स्वतःच्या डोक्याचा दुपट्टा सोडला, झटकला आणि पुढे केला.

"बांधा जी, नाही तं ऊन लागन."

"आणि तुम्ही?"

"मले काय होते?"

तो दुपट्टा गुंडाळून मी पुलाखाली गेले आणि वर बघितलं. तुळयांच्या अंगावर, खांबाजवळ, तिरक्या भेगा. खालून वर चढत गेलेल्या. पोस्टकार्डाची कड आत जाईल एवढ्या रुंद. एकीतून गंजाचं तांबडं पाणी ओघळून सुकलं होतं, म्हणजे ओल पार सळईपर्यंत पोचली होती. तीनही गाळ्यांना अशा भेगा होत्या आणि सगळ्यांत वाईट मधल्या गाळ्याला. मधल्या गाळ्यावर एकही मिरची वाळत घातलेली नव्हती. तिथं देवरावांनी गोणपाट टाकून पूर्ण पाणी मारलं होतं.

न शिकलेल्यालाही कळेल अशी ही गोष्ट आहे. खांबाजवळची तिरकी भेग पाणी न मारल्यानं पडत नाही. ती तुळईला पेलत नाही एवढं वजन आल्यानं पडते. किंवा तिच्यात ताकद यायच्या आतच वजन आल्यानं.

"देवराव," मी विचारलं, "खालचे टेकू कधी काढले?"

"मिरच्या होत्या ना वर. त्या उचलाच्या आत काढले."

"मिरच्या घालून किती दिवस झाले होते?"

त्यांनी बोटांवर मोजलं. "पाच. सहाव्या दिवशी बाया मिरच्या पालथ्या कराले आल्या, तवा खाली टेकू नव्हते."

सात दिवस पाणी, वर पाच दिवस मिरच्या. बारा दिवसांचं काँक्रीट. एवढ्या लांब तुळईचे टेकू आमच्या पुस्तकात निदान तीन आठवडे ठेवायचे असतात. मिरची वाळायच्या आत पुलाखालचा आधार काढून घेतला होता! सेंट्रिंगचं सामान दुसऱ्या पुलावर हवं होतं आणि उद्घाटनाची तारीख आधीच ठरली होती, असं देवराव म्हणाले. मग नाल्यातून जाणारा कच्चा रस्ता बंद केला आणि वाळूचे टिपर त्याच आठवड्यात वरून सोडले.

"टेकू काढले तवा कर्र असा आवाज आला," देवराव म्हणाले. "मी सुपरवायझरले जाऊन सांगतलं. तो म्हणे, तू आपलं पाणी मार."

उरलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दोन गाळ्यांमध्ये उन्हाळ्यात पुलाला फुगायला जी फट ठेवतात, तिच्यात डांबर ठासलं होतं. पाणी निघून जायची भोकं मातीनं बुजली होती. मिक्सरची गाडी लांबून यायची, तोवर माल घट्ट व्हायचा, मग ड्रममध्ये नळीनं वरून पाणी सोडायचे, हेही देवरावांनीच सांगितलं. काँक्रीटवर मारायचं पाणी काँक्रीटमध्ये ओतलं की ते ओतायला सोपं जातं आणि कमजोर होतं. एकेक चूक मी वहीत उतरवत होते आणि डोक्यावरून टिपर गेला की तुळई थरथरत होती. मला खरं तर तिथून पळून जावंसं वाटत होतं.

बुधवार, देवरावांच्या घरी

दुसऱ्या दिवशी उरलेली मोजमापं घेतली आणि दुपारी देवराव म्हणाले, "जेवाले या जी घरी." गाव पुलापासून हाकेच्या अंतरावर. दोन खोल्यांचं स्वच्छ सारवलेलं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढे ताजी कण्हेरीची फुलं. देवरावांच्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली होती. तेव्हापासून दर वर्षी घरातलं कुणी ना कुणी दीक्षाभूमीवर जातं, असं त्यांच्या बायकोनं, शांताबाईंनी सांगितलं.

जेवायला भात, वरण, बेसनाच्या पाटवड्यांचा रस्सा आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला चपाती केल्याशिवाय पान वाढल्यासारखं वाटत नाही. इथे भातावर भात वाढला जातो आणि नाही म्हटलं तर वाढणारी दुखावते. मी तीनदा नाही म्हटलं आणि तीनदा भात घेतला. ठेचा लाल, वासाला गोड आणि जिभेला कडक. "त्याच मिरच्या काय?" मी चेष्टेनं विचारलं. शांताबाई हसल्या नाहीत.

देवराव हात धुवायला बाहेर गेले तशा शांताबाई जवळ सरकल्या.

"मॅडम, यायचं काय होईन जी? पोलीस नेईन म्हणते. झाडाचं काम बी जाईन. यायनं तं बायायचं बरं पाहिलं."

"मी लिहिणार आहे ना," मी म्हटलं. "पूल त्यांच्यामुळे भेगाळलेला नाही. हे मी लिहिणार."

"खरं लिहसान?"

"जे आहे तेच लिहीन."

"मंग झालं," त्या म्हणाल्या. निघताना त्यांनी कागदात बांधून मूठभर मिरच्या दिल्या. गाडीत बसल्यावर मला खूप बरं वाटत होतं. आपल्या विद्येचा कुणाला तरी उपयोग होणार, असं वाटायची वेळ माझ्यावर फार कमी वेळा आली आहे.

गुरुवार, पुन्हा नागपूर

विश्रामगृहाच्या खोलीत दिवसभर बसून अहवाल लिहिला. आमच्या धंद्यात अहवाल लिहायची एक रीत आहे. काँक्रीट जसं जन्मतं आणि वाढतं त्या क्रमानं कारणं लिहायची. माल कालवणं, ओतणं, पाणी मारणं, टेकू काढणं, वजन येणं, देखभाल. दुसरी रीत अशी की माणसांची नावं लिहायची नाहीत. "संबंधित ठेकेदार", "संबंधित अधिकारी", "टेकू वेळेआधी काढल्याचे दिसते". तंत्रज्ञानं तंत्राबद्दल बोलावं, माणसांबद्दल नाही, असं मीच पोरांना तीस वर्षं सांगत आले.

पण या वेळी मी ती रीत मोडली. देवराव नसते तर टेकू बाराव्या दिवशी निघाले हे मला कळलंच नसतं. खात्याच्या फाइलीत ती तारीख सोईस्कर लिहिलेली होती. त्या सबंध पुलावर खरं बोलणारा एक माणूस मला भेटला होता. पाणी मारणाऱ्या माणसाचं नाव कधी कुठल्या कागदावर येत नाही; म्हटलं, येऊ दे. पहिल्याच पानावर लिहिलं की गावाकडच्या गाळ्यावर सात दिवसांनंतर पाणी मारले गेले नाही, ही माहिती श्री. देवराव यांनी स्वतः होऊन व प्रामाणिकपणे दिली, आणि पुढील निष्कर्षही त्यांच्याच साक्षीवर आधारित आहेत. मग पुढच्या पानांवर सगळं व्यवस्थित मांडलं. वरवरच्या भेगा वेगळ्या, जीवघेण्या भेगा वेगळ्या. मधल्या गाळ्यावर पूर्ण पाणी मारूनही सर्वांत मोठी भेग तिथेच आहे. टेकू, टिपर, बुजलेली फट. शेवटी लिहिलं की जड वाहनं ताबडतोब बंद करावीत.

संध्याकाळी प्रशांत आला. उभ्या उभ्या वाचत होता. पहिल्या पानावर थांबला.

"मॅडम, हे नाव ठेवायचं?"

"का? ठेवायचं की," मी म्हटलं. "तुम्ही लोक अशा माणसाला कधी मान देणार?"

त्यानं त्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि पान उलटलं. मग म्हणाला, "बरं." जाताना संत्रा बर्फीचा डबा देऊन गेला. मी खुशीत होते. तो का थांबला हे विचारायचंही मला सुचलं नाही, इतकी खुशीत.

सांगली

तीन आठवड्यांनी शेषरावांनी मोबाइलवर वर्तमानपत्रातल्या बातमीचा फोटो पाठवला. पुलाच्या भेगांचं कारण तज्ज्ञांनी शोधून काढलं आहे, असं तीत होतं. पाणी मारण्यात हयगय झाली. संबंधित कामगारानं कबुली दिली आहे. कामगाराचं नाव दिलेलं होतं. खाली माझंही नाव होतं, मागे "ज्येष्ठ तज्ज्ञ" लावून.

मी प्रशांतला फोन लावला.

"अहवाल बदललात तुम्ही?"

"नाही मॅडम. एक अक्षर बदललं नाही. तुमचाच आहे, तुमच्या सहीचा."

"मग टेकूंचं काय? मधल्या गाळ्याचं? टिपरचं?"

"ते आहे ना आत. सगळं आहे. पण वरून विचारतात, जबाबदार कोण? मॅडम, तुमच्या सबंध अहवालात माणूस एकच आहे. बाकी सगळे संबंधित."

"मग तू लिही, टेकू कुणी काढायला लावले ते."

प्रशांत म्हणाला, "तुम्ही तिथे दोन दिवस होतात. त्या सुपरवायझरचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. तंत्राशी त्याचा काय संबंध, असं मनात धरून मी विचारलंच नव्हतं. माझ्या वहीत भेगेची रुंदी होती, लांबी होती, सकाळची रुंदी वेगळी आणि दुपारची वेगळी लिहिली होती. माणसाचं नाव एकच.

मी खात्याला दुसरं पत्र पाठवलं. मग तिसरं. पोच आली, उत्तर आलं नाही. भेगांमध्ये लेप भरून वरून राखाडी रंग मारला आहे, आता खालून बघितलं तरी काही दिसत नाही, असं शेषराव सांगतात. जड वाहनं बंद झालेली नाहीत. मी कुणाला दोष देऊ? हे सगळं मी स्वतः, शुद्ध मराठीत, समासाला जागा सोडून लिहून दिलेलं आहे.

देवरावांना फोन करायची हिंमत होत नव्हती. गेल्या आठवड्यात केला. शांताबाईंनी उचलला. देवराव पोलीस ठाण्यावर गेले होते. दर दोन-तीन दिवसांनी बोलावतात, बसवून ठेवतात आणि परत पाठवतात. झाडांचं काम गेलं. मी माफी मागायला लागले, कसं झालं, रीत काय असते, माझा हेतू काय होता. त्यांनी माझं संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमी खोटं नाही लिहलं जी," त्या म्हणाल्या. "यायनं पाणी नव्हतं मारलं, ते खरंच आहे. हे बी तेच म्हणून राहिले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मले फक्त एक सांगा, बाई. येवढा मोठा पूल. इतके लोक होते त्याच्यावर. तुमच्या त्या कागदात दुसऱ्या कोणाचंच नाव नाही काय?"

"नाही," मी म्हटलं.

"एकाचं बी नाही?"

"नाही."

"बरं," शांताबाई म्हणाल्या. "ठेवू का जी मंग फोन?"